टाकीतलं ऊन

माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या, पण त्यातल्या बहुतेक मी फळ्यासमोर केल्या आणि डस्टरने पुसून टाकल्या. एक मात्र पुसता आली नाही. ती आमच्या मागीलदारी, पोहायच्या तलावापाशी घडली. तलाव म्हटल्यावर भलतं काही डोळ्यांसमोर आणू नका. माडांच्या बागेला पाणी साठवायला माझ्या थोरल्या दिरांनी बांधून घेतलेली ती चिऱ्यांची टाकी. वीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि छातीइतकी खोल. दीर गेले, बागेला विहिरीवरून थेट पाइप आली आणि टाकीत सुकी झावळं टाकण्यापलीकडे तिचा काही उपयोग उरला नाही. पुढे मालवणच्या आसपास घरोघरी पर्यटकांसाठी खोल्या निघाल्या, तेव्हा निवृत्तीनंतर आम्हीही तीन बांधल्या. टाकीला आतून गिलावा केला, निळा रंग दिला, एका बाजूला पायऱ्या आणि धरायला स्टीलचा दांडा बसवला आणि रस्त्यावरच्या पाटीत 'स्विमिंग पूल' हे दोन शब्द वाढवले.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. माहेर खारेपाटणचं. लग्न होऊन इथे आले तेव्हा घरात थोरल्या जाऊबाई होत्या, त्यांना मी वयनी म्हणू लागले ती आजतागायत. त्या आरोंद्याच्या, खाडीकाठच्या. शाळा चौथीपर्यंत. त्यांना मूल झालं नाही. मला दोन झाली आणि ती दोन्ही त्यांनी वाढवली, असं म्हटलं तर माझी मुलंसुद्धा हरकत घेणार नाहीत. धाकट्याला गोवर आला आणि माझ्या शाळेची वार्षिक तपासणी त्याच आठवड्यात होती, तेव्हा मी दारात रडत उभी होते. वयनींनी माझ्या हातात पर्स दिली आणि म्हणाल्या, "तू शाळेत जा गो. मी आसंय मां हय." मी गेले. अशी मी किती वेळा गेले त्याची मोजदाद नाही.

तीन वर्षांपूर्वी गणपती गेल्यावर चारच दिवसांनी वयनींच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात आणि डावा पाय. तोंड थोडं वाकडं झालं, शब्द जड झाले, पण डोकं होतं तसंच लख्ख राहिलं. इस्पितळातून घरी आणल्यावर कुडाळहून व्यायाम शिकवणारी एक तरुण डॉक्टरीण आठवड्यातून एकदा येऊ लागली. ती म्हणाली, पहिले सहा महिने महत्त्वाचे. त्यात पाय जितका हलेल तितका हलेल, नंतर आखडला की आखडला. तिने मागच्या दारातून तलाव पाहिला आणि तिचे डोळे चमकले. पाण्यात वजन कमी होतं, पाय उचलायला सोपा जातो, यांना रोज अर्धा तास पाण्यात चालवा, म्हणाली. फक्त पाणी कोमट पाहिजे. गार पाण्यात स्नायू आवळतात आणि होत्याचं नव्हतं होतं.

वयनींना विचारलं, तुम्हाला काय वाटतं. त्या म्हणाल्या, "माका दुसरा कायएक नको. माझ्या पायान मागीलदारी जावचा आसा. कोणी हात धरूक नको." एवढंच. संडास, न्हाणी, भांडी घासायचा कट्टा, सगळं आमच्याकडे मागीलदारी. ज्या बाईने चाळीस वर्षं दिवसाची सुरुवात त्या दारातून केली, तिला आता तिथे न्यायला दोघंजण लागत होते, आणि त्या दोघांतला एक म्हणजे धाकटा दीर, माझा नवरा. वयनींना ते किती लागत असेल हे मला कळत होतं. तेवढं कळत होतं म्हणून तर पुढचं जास्त बोचतं.

पाणी तापवायचं कसं, हा प्रश्न माझ्या वाट्याला आला आणि खरं सांगते, मला आनंद झाला. एका कंपनीचा माणूस येऊन छपरावर बसवायच्या सोलरचा आकडा सांगून गेला. तो ऐकून नवऱ्याने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मी म्हटलं, काही गरज नाही. ऊन आपल्याकडे कमी आहे का? बागेतली जुनी काळी पाइप गुंडाळून गोठ्यात पडली होती. नवीन खोल्यांच्या स्लॅबवर ती पाइप वेटोळी करून पसरायची, टाकीतलं पाणी पंपाने वर चढवायचं, ते उन्हात तापलेल्या पाइपमधून फिरून परत टाकीत येईल. काळा रंग उष्णता शोषतो, हे आठवीच्या पुस्तकात असतं. मी ते वर्षानुवर्षं शिकवलं होतं. आता करून दाखवायचं होतं, आणि कोणाला दाखवायचं याची मला जरा जास्तच हौस होती.

पाइप जोडायला आला तो आमच्याच शाळेतला जुना विद्यार्थी. आता पन्नाशीकडे झुकलेला, गावातली सगळी पंपांची आणि नळांची कामं तोच करतो. दोन दिवसांत त्याने स्लॅब वेटोळ्यांनी भरून टाकला. पंप सुरू झाला, टाकीत पडणाऱ्या पाइपच्या तोंडाशी मी हात धरला. पाणी जेमतेम कोमट. माझी निराशा झाली. मी वर जाऊन कॉक आवळला, प्रवाह करंगळीएवढा केला. थोड्या वेळाने त्या धारेखाली हात धरवेना, इतकं पाणी कढत झालं. मी जिंकल्यासारखी हसले.

तो म्हणाला, "बाई, कॉक पुरो सोडा. धार कोमट येयत, पण भरपूर येयत. टाकी त्यानच तापतली."

"पाणी पाइपमध्ये जितका वेळ राहील तितकं जास्त तापेल," मी म्हटलं. "नववीत विज्ञानाला किती वेळा बसला होतास?"

अंगणात दोन पाहुणे चहा पीत होते, ते हसले. तोही हसला, पाना पिशवीत टाकला आणि सायकल घेऊन गेला. मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

कढत धार ही दाखवायला फार छान गोष्ट असते. येईल त्या पाहुण्याला मी टाकीपाशी न्यायचे, हात धरायला लावायचे, त्यांनी झटक्यात हात मागे घेतला की सूर्य, काळा रंग, शोषण वगैरे सांगायचे. "वीज फक्त छोट्या पंपाची, बाकी सगळं फुकट," हे माझं ठरलेलं वाक्य. निवृत्त शिक्षकाला विद्यार्थी मिळाले की तो थांबत नाही. टाकी मात्र तापत नव्हती. वीस हजार लिटर पाण्यात ती करंगळीएवढी धार कुठे पुरणार? दुपारी तीन-साडेतीनला वरचं पाणी जरा ऊन लागायचं, सकाळी पुन्हा बर्फ. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे दंव पडतं, वारा जमिनीकडून येतो, आणि उघड्या टाकीतली सगळी ऊब घेऊन जातो.

वयनी पडवीतल्या खाटेवरून हे सगळं बघत असायच्या. एक दिवस म्हणाल्या, "झाकण घाल गो तिका."

"टाकीला झाकण?"

"हंड्याक घालतंव ना? झाकूक नाय तर निवतला."

मी म्हटलं, वयनी, हंडा वेगळा आणि टाकी वेगळी. तिथे हिशेब वेगळा असतो. मी पुन्हा कॉकपाशी गेले आणि तो आणखी थोडा आवळला.

त्यामुळे झालं असं, की वयनींना पाण्यात उतरवायची वेळ दुपारी चार ही एकच उरली. आणि चारलाच पाहुणे तारकर्लीहून, किल्ल्यावरून परत येतात, अंगाला खारट वाळू घेऊन, आणि त्यांनाही तलाव हवा असतो. हा गुंता मी केलेला होता. सकाळचं पाणी ऊन राहिलं असतं तर तो झालाच नसता.

पहिले काही दिवस पाहुणे नव्हते आणि ते दिवस फार सुंदर गेले. नवरा आणि मी दोन्ही बाजूंनी धरून वयनींना पायऱ्यांवरून उतरवायचो. साडीचा काचा मारलेला, वर माझा जुना सुती ब्लाउज. पाणी कमरेपर्यंत आलं की त्यांचा चेहरा बदलायचा. जमिनीवर पोत्यासारखा ओढावा लागणारा पाय तिथे आपोआप वर यायचा. तिसऱ्या दिवशी त्या एकदम मागे रेलल्या आणि मी किंचाळले, पण त्या बुडाल्या नाहीत, उताण्या तरंगायला लागल्या. मला पोहता येत नाही. हे एवढ्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं की यांना येतं. "खाडयेत तिसरे-शिंपले काढूक जायचंव," त्या आकाशाकडे बघत म्हणाल्या, "तेवा बापूस आमका पाण्यात ढकलून दी." आणि हसल्या. वाकड्या तोंडाने पूर्ण हसता येत नव्हतं, तरी हसल्या. दांडा धरून त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. कुडाळची डॉक्टरीण म्हणाली, शिमग्याच्या आधी या चालतील.

मग नाताळची सुट्टी लागली. तिन्ही खोल्या भरल्या. पुण्याहून आलेलं एक मोठं कुटुंब होतं, आई-वडील, मुलगा-सून, दोन नातवंडं. त्यातल्या सासूबाई माझ्याच वयाच्या, चांगल्या शिकलेल्या, बोलायला गोड. कढत धारेखाली त्यांनी हात धरला आणि म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही स्वतः केलंत? किती हुशार आहात हो तुम्ही!" मी फुगले. लपवून काय उपयोग? त्या बाईंसमोर मला गावातली खानावळ चालवणारी म्हणून उभं राहायचं नव्हतं. मी माझी सगळी शुद्ध मराठी बाहेर काढली होती, शाळेत तपासणीला साहेब आले की काढायचे ती.

चार वाजले होते. वयनी पाण्यात होत्या. नवरा गावात सिलिंडर आणायला गेला होता, म्हणून मी त्यांना एकटीने उतरवून दांडा हातात दिला होता. केस सुटलेले, काचा पाण्यात फुगलेला, डाव्या बाजूने लाळ ओघळत होती, ती त्या खांद्याला पुसत होत्या आणि तोंडाने पावलं मोजत होत्या. पुण्याची नातवंडं काठावर पोहायचे कपडे घालून उभी होती, पण उतरत नव्हती.

सासूबाईंनी आवाज खाली आणला. "आजींना काही... म्हणजे, त्वचेचं वगैरे नाही ना? मुलं आहेत म्हणून विचारते."

"छे छे, नाही हो," मी म्हटलं.

"त्या कोण तुमच्या?"

आता या प्रश्नाला उत्तर तीन शब्दांचं होतं. माझ्या थोरल्या जाऊबाई. शाळेतलं लहान पोरही एवढं सांगेल. पण मी त्या क्षणी वयनींकडे त्या बाईंच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मला त्यांची लाज वाटली. हे लिहिताना आजही हात थांबतो, पण वाटली हे खरं आहे. मी म्हणाले, "आमच्याकडे असतात त्या. खूप वर्षं झाली."

"अच्छा, कामाला?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मी म्हणाले, "अगदी घरच्यासारख्याच आहेत."

मराठीत 'आमच्याकडे असतात' कोणाबद्दल म्हणतात हे काय मला माहीत नव्हतं? आणि वर 'घरच्यासारख्या'. वयनींच्या नवऱ्याने बांधलेल्या टाकीच्या काठावर उभं राहून, अर्ध्या त्यांच्या असलेल्या घराच्या मागीलदारी, मी त्यांना घरच्यासारखं करून टाकलं. माझी जीभ झडली नाही.

टाकी दहा फूट रुंद. वयनी समोरच्या दांड्यापाशी होत्या. त्यांची पावलं मोजणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्या बाईंकडे पाहिलं, आणि त्यांना वाट द्यावी तशा बाजूला सरकल्या. मग म्हणाल्या, "मी भायर येतंय. पोरांका खेळांदेत." मी धावत पायऱ्यांपाशी गेले. त्यांनी माझा हात घेतला, कारण त्याशिवाय वर येताच आलं नसतं. तो हात कसा धरला होता ते मला अजून आठवतं. पायरीच्या कठड्याला धरावं तसा, लागेल तेवढाच.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी टॉवेल घेऊन गेले तर म्हणाल्या, "आज नको." तिसऱ्या दिवशी गेले, तर अंग दुखतं म्हणाल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "पावणे आसत ना तुमचे? तेंका वापरूंदे. माझ्यासाठी तुमी थांबा नकात."

तुमी. लग्न होऊन आल्या दिवसापासून मला त्या तू म्हणत, 'गो' लावून हाक मारत. थोरल्या जावेने धाकटीला तसंच म्हणायचं असतं, आणि मी त्यांना तुमी म्हणायचं असतं. आता आम्ही दोघी एकमेकींना तुमी म्हणू लागलो. नवऱ्याच्या ते लक्षात यायला दोन दिवस लागले. त्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, आजारपणात माणसं विचित्र होतात. आणि पाण्यात का उतरत नाहीत विचारलं तेव्हा सांगितलं, पाणी गार आहे, त्यांना सोसत नाही. एका खोटेपणावर मी दुसरा ठेवत होते आणि दोन्ही वेळा दोष त्यांच्यावर.

कुडाळची डॉक्टरीण जानेवारीच्या सुरुवातीला आली, पाय वाकवून बघितला आणि तिचं कपाळ आक्रसलं. घोटा आखडायला लागला होता. चार महिने होत आले, दोन राहिले, ती म्हणाली. पाण्यातला व्यायाम का बंद केला? वयनी खाटेवर होत्या, मी दारात. त्या मला सहज उघडी पाडू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "माझोच कंटाळो." डॉक्टरीण त्यांना रागावली. मी तिथून आत गेले आणि चुलीपाशी उगीचच भांडी हलवत राहिले. त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या होत्या, आणि ते खोटं माझ्यापेक्षा चांगलं होतं.

त्याच आठवड्यात स्लॅबवरचा एक सांधा गळायला लागला. तोच जुना विद्यार्थी आला, सांधा बसवला, आणि जाताना त्याने कॉककडे पाहिलं. मी खाली टाकीच्या काठावर उभी होते. तो विचारण्याच्या आतच मी म्हटलं, "सोड. पुरा सोड." त्याने पुरा सोडला. धार मनगटाएवढी झाली, कोमट, हाताला काही विशेष न वाटणारी. मी शाळेतून निवृत्त होताना भेट मिळालेला थर्मामीटर टाकीत दोरीने सोडला आणि दिवसभर दर तासाने बघत राहिले. पारा चढत गेला, आणि संध्याकाळी पाच वाजता टाकीतलं पाणी महिन्याभरात कधी नव्हतं तितकं ऊन होतं. गोष्ट साधी होती. कढत पाइप वाऱ्यालाच गरम करत बसते. पाणी भरभर फिरलं की पाइप थंड राहते आणि उन्हातलं जास्तीत जास्त टाकीत येतं. हे मी स्वतः शिकवलेल्या धड्याच्या पुढच्याच पानावर होतं. मी धारेला हात लावून बघत होते, टाकीला नाही.

मग झाकण. नव्या फ्रिजभोवती गुंडाळून आलेलं फुगेवालं प्लास्टिक होतं, आणखी तसंच मालवणातल्या दुकानातून आणलं, पट्ट्या चिकटवून टाकीच्या मापाचं एक अंथरूण केलं. ऊन उतरलं की ते पाण्यावर पसरायचं आणि सकाळी गुंडाळायचं. पहिल्या सकाळी मी ते उचललं तेव्हा खालून वाफ आली, आणि मी तिथेच काठावर बसले. वयनींनी हे डिसेंबराच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. त्यांचं ऐकलं असतं तर त्यांना चार वाजता पाहुण्यांमध्ये उतरावं लागलं नसतं, आणि मला तो प्रश्न कोणी विचारला नसता. असं मी मनात मांडत गेले आणि मग लक्षात आलं की मी पुन्हा दोष पाण्यावर ढकलते आहे. पाणी कसंही असतं तरी उत्तर माझ्या तोंडात होतं.

खरं म्हणजे मी हे सगळं इतक्या जोमाने का करत होते तेही सांगते. माफी मागायला एक वाक्य लागतं आणि ते माझ्याने होत नव्हतं. वीस हजार लिटर पाणी तापवणं त्यापेक्षा सोपं होतं.

मी पाटी लावली, सकाळी आठ ते दहा तलाव बंद. आणि वयनींकडे गेले. "पाणी ऊन आसा, वयनी. पावणे येवचे नाय आता सकाळी. तुमी सांगल्यात तसा झाकण घातलंय." मला वाटलं होतं हे ऐकून तरी चेहऱ्यावर काही उमटेल. त्यांनी पायाकडे पाहिलं, मग खाटेवर उजवा हात टेकला आणि म्हणाल्या, "चला." राग नाही, रुसवा नाही. पाय हवा होता आणि पाणी ऊन होतं, म्हणून त्या निघाल्या.

त्या पाण्यात मीच बोलायचं ठरवलं होतं. आठवडाभराने, टाकीच्या मध्यावर, त्या दांडा सोडून चार पावलं गेल्या आणि मी माझं सगळं धैर्य गोळा केलं. म्हटलं, "वयनी, त्या दिवशी मी त्या बाईक जां सांगलंय..."

"काय सांगलास?" त्या म्हणाल्या. "माका कायएक आठवणा नाय." आणि पुढची पावलं मोजायला लागल्या. त्यांना आठवत होतं. त्यांनी मला माफी मागू दिली नाही, कारण मागितली असती तर द्यावी लागली असती. मला तेव्हा त्यांचा रागही आला, हेही लिहून ठेवते. एवढं पाणी तापवलं, वाटलं.

रोज सकाळी दोन तास. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. आंब्याला कैऱ्या धरल्या. घोटा सैल झाला. पाण्यात त्या दांड्याशिवाय चालायला लागल्या, मग बाहेर काठी घेऊन, पडवीत भिंतीला धरून. नवरा रोज जेवताना सांगायचा, आज वयनी सात पावलं चालल्या, आज बारा. सहा महिने भरायला आठवडा होता.

त्या दिवशी सकाळी मुंबईचे पाहुणे अंगणात नाश्ता करत होते. घावने संपले म्हणून मी आत आले, आणि पडवीत पाहिलं तर खाट रिकामी. काठी भिंतीला टेकलेली. मी मागच्या दाराकडे धावले.

वयनी भांडी घासायच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. एकट्या गेल्या होत्या, पडवीतून माजघर, माजघरातून मागचं दार, तिथल्या दोन पायऱ्या. कोणी हात धरला नव्हता. डावा हात अजून पुरता वळत नव्हता, तरी त्यांनी त्या हाताने कप मांडीशी दाबून धरला होता आणि उजव्या हाताने तो घासत होत्या. पाहुण्यांचे चहाचे कप, सकाळपासून साठलेले.

"वयनी! चाललास तुमी!" मी ओरडले, आणि रडायलाच लागले. "तां ठेवा. कित्याक करतास? मी करतंय."

"असांदेत," त्या म्हणाल्या. "बसान खावक बरां वाटणा नाय."

तेवढ्यात पाहुण्यांतली एक तरुण मुलगी कप घेऊन मागीलदारी आली. वयनींपुढे तो धरून म्हणाली, "मावशी, हा पण घ्याल?"

मी तिच्यापुढे झाले. आवाज चढला होता माझा, अंगणापर्यंत गेला असेल. "त्या माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत. हे घर त्यांचं आहे. ही टाकी त्यांच्या यजमानांनी बांधली. माझी मुलं त्यांनी वाढवलीत."

मुलगी लालबुंद झाली. सॉरी, सॉरी आजी, मला माहीत नव्हतं, म्हणाली आणि कप मागे घेऊ लागली. बिचारीची काय चूक होती? वयनींनी हात लांब करून तो कप तिच्या हातातून घेतला, विसळला आणि बाकीच्या कपांशेजारी उपडा घातला.

"तुमी जावा," त्या मला म्हणाल्या. "पावणे खोळंबले आसत."